तरंगती पवनचक्की लॅपटॉपवर: ओपनफास्ट की ओपनफोम?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तरंगती (समुद्रात तरंगणाऱ्या पायावर उभी) पवनचक्की घेऊ का, असं बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं विचारतात तेव्हा मी बिनधास्त ‘घ्या’ म्हणतो. समुद्र घाटाखाली असला तरी हे काम लॅपटॉपवरच व्हायचं आहे. अडतं ते पुढच्या प्रश्नावर: लाटा-वाऱ्यातली चक्की संगणकावर चालवून बघायला ओपनफास्ट हे सॉफ्टवेअर वापरायचं की ओपनफोम? दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स. पण निवड चुकली तर अख्खं सेमिस्टर हातचं जातं.

आपल्याकडची मुलं आधी ओपनफोमकडे झुकतात. उद्यमबागेतली फाउंड्री आणि मशीन शॉपची कामं बघत ती शिकलेली असतात, सीएफडी (पाणी-हवेचा प्रवाह संगणकावर गणितानं सोडवणं) कानावरून गेलेलं असतं, शिवाय पडद्यावर लाट फुटताना दिसते याचं आकर्षण असतंच. आणि ओपनफोममध्ये ती खरंच फुटते. पाणी आणि हवा दोन्हींसाठी ते नेव्हियर-स्टोक्स ही प्रवाहाची मूळ समीकरणं सोडवतं, त्यामुळे पायाच्या खांबामागचे भोवरे, खांबावर चढणारं पाणी, लाटेचा तडाखा हे सगळं त्यातून निघतं.

किंमत मोजावी लागते ती मेशमध्ये, म्हणजे पाणी-हवेची जागा ज्या छोट्या चौकटींत (सेलमध्ये) विभागतात त्या जाळीत. लाटेच्या उंचीत पंधरा-वीस आणि लांबीत शंभरेक सेल ठेवले नाहीत, तर लाट पवनचक्कीपर्यंत पोचेस्तोवरच बुटकी होते. ही घट पाण्यातली नसते, गणितातली असते. मेश बारीक केली की टाइम स्टेपही (दोन गणितांमधलं वेळेचं अंतर) लहान करावी लागते, आणि एकाच नियमित लाटेच्या मोजक्या फेऱ्यांत लॅपटॉप दिवसच्या दिवस अडकून पडतो. मधेच लाईट गेली, तर निकाल ठरावीक अंतराने साठवलेले असतील आणि पुन्हा सुरू करताना कंट्रोलडिक्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘लेटेस्टटाइम’ (शेवटच्या साठवलेल्या वेळेपासून) लिहिलेलं असेल तरच आधीची मेहनत वाचते.

ओपनफास्ट अमेरिकेतल्या एनआरईएल (आताचं नाव नॅशनल लॅबोरेटरी ऑफ द रॉकीज) या ऊर्जा प्रयोगशाळेचं. त्यात पाणी प्रत्यक्ष वाहत नाही. कोणत्या लाटेचं बल किती, हलताना सोबत किती पाणी ओढलं जातं, हे आकडे आधीच काढून त्याला द्यायचे. ते काढायला वॅमिट हा प्रोग्रॅम विकत मिळतो. नेमो आणि कॅपीटेन फुकट आहेत. पाण्याच्या अडथळ्याचा (ड्रॅगचा) भाग मॉरिसनच्या समीकरणातून येतो आणि त्यातला ड्रॅगचा गुणांक तुम्ही ठरवता. एवढं सोपं करून घेतल्यामुळे तासाभराचा खवळलेला समुद्र साध्या लॅपटॉपवर साधारण तासाभरातच आटोपतो, तोही पाती, टॉवर, नांगराच्या साखळ्या आणि कंट्रोलर यांच्यासकट.

हा कंट्रोलर, म्हणजे चक्कीचं आपोआप नियंत्रण करणारी यंत्रणा, माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. वारा ठरावीक वेगापलीकडे गेला की कंट्रोलर पात्यांचा कोन बदलून जोर कमी करतो. जमिनीवर हे उत्तम. पण तरंगती चक्की वारा येतो त्या बाजूला पुढे झुकली की तिला वारा जास्त लागल्यासारखा होतो, कंट्रोलर जोर आणखी कमी करतो, आणि तिला मागे रेटणारं बल घटल्यामुळे ती अजूनच पुढे जाते. झोके विरायच्या ऐवजी वाढू लागतात. ओसी३ (ओसी३ ते ओसी६ हे असे प्रोग्रॅम ताडून पाहणारे आंतरराष्ट्रीय प्रकल्प) मधल्या हायविंड या तरंगत्या चक्कीच्या मॉडेलमध्ये जमिनीवरच्या ५ मेगावॅट चक्कीचा कंट्रोलर याच कारणानं मुद्दाम मंद करावा लागला होता. ओपनफास्टला रॉस्को हा तयार कंट्रोलर जोडून त्याच्या फाइलमधले गेन (तो किती जोरात प्रतिसाद देतो ते ठरवणारे आकडे) बदला आणि दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवा. एका संध्याकाळीही फरक दिसतो. हेच ओपनफोममध्ये उभं करायचं म्हणजे पीएचडीचं काम.

ओपनफास्टची उणी बाजूही तितकीच खरी. ओसी४-डीपसीविंड हा तरंगता पाया पुढे-मागे सरकण्याची एक फेरी पूर्ण करायला शंभराहून जास्त सेकंद लावतो, तर समुद्राच्या लाटा साधारण ५ ते २० सेकंदांच्या. त्याला झुलवतं ते लाटा एकमेकींत मिसळून तयार होणारं संथ बल. नेदरलँड्समधल्या मारिन या जहाज-चाचणी संस्थेत १:५० प्रमाणाच्या मॉडेलवर केलेल्या चाचण्यांशी ओसी५ प्रकल्पात ताडून पाहिलं, तेव्हा ओपनफास्टच्या जातीच्या प्रोग्रॅमांनी भार कमी दाखवला. ओसी६ मध्ये त्याच कारणांचा माग काढताना सीएफडीच कामी आलं.

म्हणून बीईच्या चौघांच्या गटाला मी डोळे झाकून ओपनफास्ट सांगतो. एमटेकला असाल, क्लस्टर (एकत्र जोडलेले बरेच संगणक) हाताशी असेल आणि प्रश्न एखाद्या खांबाभोवतीच्या पाण्याचाच असेल, तर ओपनफोम घ्या. दोन्हींची हौस असेल तर ओपनफोममध्ये लाटा आणूच नका. शांत पाण्यात पाया थोडा कलता ठेवून सोडा, झोके कसे विरतात ते मोजा आणि त्यावरून ओपनफास्टमधला ड्रॅगचा गुणांक बसवा. सीएफडीचं एवढं काम मात्र चांगल्या डेस्कटॉपला पेलतं.

ओपनफास्टच्या चाचणी-संचात ओसी४ची इनपुट फाइल तयार मिळते. पहिल्या रनला वारा शून्य, लाटा शून्य ठेवा आणि पाया जागच्या जागी स्थिरावतो का ते बघा. तो सरकत सुटला तर वजन, उत्प्लावन आणि साखळ्यांचा ताण यांचा मेळ बसलेला नाही. तो बसल्याशिवाय लाटांना हात लावू नका.