नऊ जणांच्या डिझाइन कार्यालयात रेडमाइन : वर्षभराहून अधिक वापरानंतरचा अनुभव

सोलापुरात आमचे वस्त्रडिझाइनचे छोटे कार्यालय आहे. टॉवेल, चादर आणि नॅपकिन यांच्यासाठी जेकार्ड मागावर (कापडातच नक्षी विणणाऱ्या मागावर) चालणाऱ्या डिझाइन फाइल तयार करणे हे आमचे मुख्य काम. त्याला जोडून गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांना शाळांची बोधचिन्हे भरतकामाच्या यंत्रासाठी डिजिटाइझ करून देतो आणि अधूनमधून लेबल व वेष्टनाचेही काम घेतो. कायमचे नऊ जण आहेत. शाळा उघडण्याआधीच्या तीन-चार महिन्यांत आणखी दोन-तीन जण बाहेरून काम करतात. कामांचे नियोजन आणि वेळेची नोंद या दोन्हींसाठी आम्ही वर्षभराहून अधिक काळ रेडमाइन हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरत आहोत. अशाच आकाराच्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर निवडू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमची अडचण कामे विसरली जाण्याची नव्हती. कोणते डिझाइन कोणाकडे आहे हे नऊ जणांत तोंडी विचारूनही कळते. कळत नव्हते ते हे की, कोणत्या पार्टीच्या, म्हणजे ग्राहकाच्या, कामाला खरोखर किती तास लागतात आणि आपण डिझाइनमागे जो दर लावतो त्यात ते तास बसतात की नाही. वर्षाअखेरीस एकूण नफा दिसत असे. पण सतत काम देणारी मोठी पार्टी फायद्याची आहे की कधीतरी येणारी छोटी, याचे उत्तर वहीत, एक्सेलमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ढिगाऱ्यात कुठेच सापडत नव्हते. त्यामुळे सॉफ्टवेअर पाहताना आम्ही आकर्षक फलक आणि आलेख बाजूला ठेवले आणि एकच गोष्ट तपासली, ती म्हणजे काम करणाऱ्या माणसाला वेळेची नोंद करायला किती कष्ट पडतात. मालकाला दिसणारा अहवाल सगळीकडेच देखणा असतो; तो ज्या नोंदींवर उभा राहतो त्या भरणारा माणूस संध्याकाळी सव्वासहाला बस पकडायच्या घाईत असतो, हे विक्रीच्या प्रात्यक्षिकात कोणी दाखवत नाही.

या कसोटीवर काही पर्याय लवकर गळले. ट्रेलो शिकायला सर्वांत सोपे आहे, कार्ड एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात ओढणे कोणालाही दहा मिनिटांत जमते. पण वेळेची नोंद त्यात मुळातच नाही, त्यासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते. टॉगल ट्रॅकमध्ये वेळेची नोंद उत्तम आहे, पण कामाचे टप्पे, फाइल आणि दुरुस्त्यांचा इतिहास ठेवण्यासाठी दुसरे काहीतरी लागतेच. दर काही मिनिटांनी कर्मचाऱ्याच्या पडद्याचे छायाचित्र घेणारी साधनेही बाजारात आहेत. ती आम्ही पाहिली आणि तिथेच सोडली. ज्या माणसाच्या नजरेवर आणि हातावर धंदा चालतो त्याच्यावर असा पहारा बसवला, तर तो महिनाभरात शेजारच्या कार्यालयात जाऊन बसेल.

पैशांचा विचारही इथेच झाला. बहुतेक ऑनलाइन सेवा माणशी, महिन्याला आकार घेतात. उदाहरणादाखल माणशी दहा डॉलर धरले, तर नऊ जणांचे वर्षाला १,०८० डॉलर होतात आणि हंगामात बाहेरची माणसे आली की प्रत्येकामागे त्यात भर पडते. परदेशी कंपनीची सेवा घेतल्यास जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला त्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने स्वतः भरावा लागतो. त्याचे क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळते हे खरे, पण तो भरणा जमा असलेल्या क्रेडिटमधून करता येत नाही, रोख खात्यातूनच करावा लागतो, आणि हिशेबनिसाच्या कामात दरमहा एक ओळ वाढते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप वळत्या होणाऱ्या रकमेला १५,००० रुपयांच्या वर दरवेळी ओटीपी द्यावा लागतो, आणि वर्षाची वर्गणी ही मर्यादा सहज ओलांडते. यांपैकी एकही गोष्ट मोठी नाही. पण छोट्या व्यवसायात या सगळ्या एकाच माणसाच्या डोक्यावर येतात. भारतीय कंपनीचे, रुपयांत बिल देणारे आणि वेळनोंदीची सोय अंगचीच असलेले झोहो प्रोजेक्ट्स म्हणूनच आमच्या यादीत शेवटपर्यंत होते. कार्यालयात संगणकाची जाण असलेला एक सहकारी नसता, तर आम्ही तेच घेतले असते.

रेडमाइन २००६ सालापासून उपलब्ध आहे, ते वापरायला परवाना शुल्क नाही आणि वापरकर्ते कितीही जोडता येतात. ते मुळात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी बनलेले असल्याने आत गेल्यावर बग, फीचर, सपोर्ट असे कामाचे प्रकार समोर येतात आणि वस्त्रोद्योगातल्या माणसाला आपण चुकीच्या दारात शिरलो असे वाटते. प्रशासकाच्या पानावरून ही सगळी नावे बदलता येतात. आमच्याकडे आता टॉवेल, चादर, भरतकाम आणि छपाई असे प्रकार आहेत. प्रत्येक पार्टी हा एक प्रकल्प आणि प्रत्येक डिझाइन हे त्यातले एक क्रमांकित काम. तोच क्रमांक फाइलच्या नावातही घालतो. देवनागरीत लिहिलेले शोधायला आणि वाचायला काहीही अडचण येत नाही.

निवड पक्की झाली ती एका साध्या सोयीमुळे. काम पुढच्या टप्प्यावर नेण्यासाठी, म्हणजे ‘डिझाइन चालू’वरून ‘सॅम्पलला पाठवले’ असा बदल करण्यासाठी, जो अर्ज उघडतो त्याच अर्जात किती तास लागले, कोणत्या प्रकारचे काम केले आणि काही शेरा असल्यास तो, अशा जागा असतात. डिझायनरला फाइल पुढे पाठवायची असतेच. त्या ओघात तास भरले जातात. दीड तास हा १.५ असा लिहिला किंवा १:३० असा लिहिला तरी चालतो. वेळेच्या नोंदीसाठी वेगळे पान, वेगळा पासवर्ड आणि वेगळी आठवण लागत नाही. पहिल्या महिन्यात नोंदी जरा ओढूनताणून झाल्या, पण त्यानंतर मागे लागावे लागले नाही.

आता या सगळ्याचा गाभा. रेडमाइनमध्ये प्रत्येक वेळनोंदीला कामाचा एक प्रकार (वरच्या टॉवेल, चादर या प्रकारांहून वेगळा) द्यावा लागतो आणि ही प्रकारांची यादी आपणच ठरवतो. आमची यादी छोटी आहे : नवीन डिझाइन, आमच्या चुकीची दुरुस्ती, पार्टीने बदललेले, रीड-पिक बदल, सॅम्पल तपासणी, बोलणे. यातला ‘रीड-पिक बदल’ बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल, म्हणून थोडे सांगतो. मागावर एका इंचात ताण्याचे म्हणजे उभे किती धागे (हे रीडवर ठरते) आणि बाण्याचे म्हणजे आडवे किती धागे, म्हणजेच पिक, बसणार, या प्रमाणावर जेकार्डच्या फाइलमधला प्रत्येक आकार काढलेला असतो. इंचाला ४८ पिक धरून काढलेले वर्तुळ कारखान्याने ४० पिकवर विणले, तर ते लांबीच्या दिशेने वीस टक्के ताणले जाऊन कापडावर अंडाकृती उतरते. सुताचा भाव वाढला की कारखानदार पिक कमी करतो, हे धंद्यात चालायचेच. मात्र त्याच्या दृष्टीने तो फोनवरचा एका वाक्याचा निरोप असतो आणि आमच्याकडे मात्र बॉर्डर, बुट्टा, मधले नाव हे सगळे नव्याने बसवावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये नुसता ताणून आकार बदलला की कडा तुटतात आणि बारीक अक्षरे हाताने दुरुस्त करावी लागतात.

वर्षाचा अहवाल पार्टीवार आणि कामाच्या प्रकारानुसार काढला, तेव्हा आमची सर्वांत जुनी आणि सर्वांत जास्त डिझाइन घेणारी पार्टी अशी निघाली की, तिच्या कामात नवीन डिझाइनपेक्षा रीड-पिक बदलाचे तास जास्त होते. हे सर्वांना अंदाजाने माहीत होते. अंदाजावर दर मात्र बोलता येत नाही. तो एक पानाचा तक्ता समोर ठेवून आम्ही त्या कारखानदारांशी बोललो आणि आता दोन दुरुस्त्यांपर्यंत मूळ दर, त्यापुढे तासावर आकार आणि रीड किंवा पिक बदलल्यास निम्मा दर वेगळा, असे ठरले आहे. त्यांनी घासाघीस केली, पण तक्ता खोटा आहे असे म्हटले नाही. इतकेच नव्हे, तर आता डिझाइन सुरू होण्याआधीच त्यांच्या कारखान्यातला मास्टर पिकचा आकडा लिहून पाठवतो, त्यामुळे हे बदल मुळातच कमी झाले आहेत.

कर्मचाऱ्यांच्या बाजूने पहिली शंका आमच्या सर्वांत ज्येष्ठ डिझायनरांनी काढली. ग्राफ कागदावर चौकोन रंगवण्याच्या काळापासून काम करणारे ते गृहस्थ, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारले, “ताई, हे तास मोजून पगार कापायचं काम आहे का? तसं असेल तर आत्ताच सांगा.” तासांचा पगाराशी, सुट्टीशी किंवा बोनसशी संबंध राहणार नाही, असे तेव्हाच लिहून सूचनाफलकावर लावले आणि ते आजवर पाळले आहे. रेडमाइनमध्ये भूमिकेनुसार हक्क ठरवता येतात, त्यामुळे प्रत्येकाला फक्त स्वतःच्या वेळनोंदी दिसतील अशी व्यवस्था करता आली. कोणी कोणापेक्षा हळू काम करतो याची कुजबुज त्यामुळे टळली. अण्णांच्या नोंदी आता सर्वांत नेटक्या असतात आणि शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलेली पार्टीबद्दलची मते वाचण्यासारखी असतात, पार्टीला दाखवण्यासारखी नसतात.

रेडमाइनमध्ये सुरू-बंद करायचे घड्याळ नाही, तास हातानेच भरावे लागतात. मिनिटांवर बिल करणाऱ्या व्यवसायाला हे चालणार नाही. आमच्या कामात पाव तासाची अचूकता पुरते, आणि एका फाइलवर काम चालू असताना दुसऱ्या पार्टीचा फोन येणे दिवसभर चालू असल्यामुळे घड्याळ बंद करायचे राहून जाण्याचा धोका जास्त असतो. एका दिवसात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त किती तास भरता येतील याची मर्यादा घालता येते आणि पुढच्या तारखेची नोंद नाकारता येते. या दोन बंधनांमुळे नोंदींतला बराच कचरा आपोआप टळतो.

‘फुकट’ या शब्दाचा हिशेबही मांडला पाहिजे. आमचा सर्व्हर म्हणजे कार्यालयातलाच एक जुना संगणक आहे, त्यावर लिनक्स आहे. परवान्याचा खर्च शून्य असला तरी यूपीएस, दोन बाह्य डिस्क आणि सहकाऱ्याचा दर महिन्याचा काही वेळ हा खर्चच आहे. उन्हाळ्यात दुपारी वीज जास्त वेळ गेली की बाहेरून काम करणाऱ्यांना रेडमाइन उघडत नाही. यूपीएस संपेपर्यंतच ते चालते. बॅकअप घेताना डेटाबेस आणि जोडलेल्या फाइलींचे फोल्डर ही दोन्ही वेगवेगळी घ्यावी लागतात. यातले एकच घेतले, तर कामांची यादी परत मिळेल आणि डिझाइन मिळणार नाहीत, किंवा उलट. एक डिस्क नेहमी कार्यालयाबाहेर ठेवतो आणि अधूनमधून दुसऱ्या संगणकावर सगळे पूर्ववत करून पाहतो. जोडलेल्या फाइलीची मूळ मर्यादा ५ एमबी असते, ती जेकार्डच्या फाइलींना पुरत नाही. पहिल्याच दिवशी वाढवून घ्यावी.

उणिवा आणखीही आहेत. बिल तयार करण्याची सोय नाही. अहवाल सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) काढून तो हिशेबनिसाकडे द्यावा लागतो आणि तिथे आकडे पुन्हा भरले जातात. स्वतःचे अधिकृत मोबाइल अ‍ॅप नाही, मात्र मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पाने नीट वाचता येतात. दिसायला ते जुनाट आहे. ट्रेलोसारखा ओढाओढीचा फलक हवा असेल तर बाहेरचे प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) बसवावे लागते, आणि मोठी आवृत्ती बदलताना असे प्लगिन चालेनासे होण्याची शक्यता असते. त्यामुळे आम्ही एकही बसवलेले नाही. कामांच्या तारखा आडव्या पट्ट्यांत दाखवणारा गँट आलेख आहे, पण आमची बहुतेक कामे आठवड्याच्या आत संपतात, त्यामुळे तो कोणी उघडत नाही.

सर्वांत मोठी फट मात्र सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे. पार्टी दुरुस्ती सांगते ती व्हॉट्सअ‍ॅपवर, बहुधा मागावरच्या सॅम्पलचा तिरका फोटो आणि त्यावर बोटाने काढलेला लाल गोल अशा स्वरूपात. तो निरोप आपणहून रेडमाइनमध्ये येत नाही. समन्वयाचे काम पाहणाऱ्या सहकारी तो फोटो संबंधित क्रमांकाला जोडतात आणि कामाचा प्रकार ठरवतात; त्यानंतरच डिझायनर फाइल उघडतो. त्या रजेवर असल्या की दोन दिवसांत नोंदी विस्कळीत होतात, म्हणून आता दुसऱ्या एकाला तयार करत आहोत. रेडमाइन घ्या किंवा दुसरे काही, हे काम कोण करणार याचे नाव आधी ठरवावे लागेल. ते ठरत नसेल आणि सर्व्हर सांभाळणारेही कोणी नसेल, तर रुपयांत बिल देणारी तयार सेवा घेणे बरे. तिची विनामूल्य चाचणी मालकाच्या टेबलावर न करता, सर्वांत जास्त दुरुस्त्या हाताळणाऱ्या माणसाच्या संगणकावर आठवडाभर करून पाहावी.