क्लिप-ऑन, ड्रॅग, एप की ट्रॅकर? हँडलबारचा मोकळाढाकळा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. रोज चालवायची बाईक असेल, कधीमधी लांब जाणं होत असेल आणि दिसायला पण जरा बरं हवं असेल, तर ट्रॅकर किंवा सुपरबाईक टाईपचं हँडल घ्या. मध्यम रुंद, कमी उंच, हात थोडे मागे आणणारं. बाकीचे प्रकार पण चालवून झालेत, काही स्वतःच्या बाईकवर काही मित्रांच्या, आणि प्रत्येक प्रकाराचे कट्टर फॅन असतात त्यामुळे शिव्या पडणार हे माहितीये, तरी लिहितो.

हँडल घेताना जवळपास सगळे एकच गोष्ट बघतात, उंची. थोडं उंच टाकलं की पाठ दुखायची थांबेल असा समज असतो. उंचीचा फरक पडतो, नाही असं नाही, पण आरामाचा खरा खेळ पुलबॅकमध्ये आहे, म्हणजे ग्रिपची टोकं क्लॅम्पपासून (हँडल मधोमध आवळून धरणारी पकड) मागे, तुमच्याकडे किती येतात आणि त्या टोकांचा कोन कसा आहे. एक साधा प्रयोग करा. सीटवर बसा, डोळे मिटा, दोन्ही हात सैल पुढे करून मुठी वळा आणि कोणाला तरी बघायला सांगा. मुठी एका सरळ रेषेत येतच नाहीत, बाहेरची बाजू थोडी मागे आणि किंचित खाली झुकलेली असते. हँडलची टोकं या कोनाच्या जितकी जवळ तितकं मनगट खूश. कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे हे पण त्यातच आलं, हात ताठ असला की रस्त्यावरचा प्रत्येक दणका थेट खांद्यात जातो.

बोटांना मुंग्या येत असतील तर कुठल्या बोटांना येतात ते बघा, हे कोणी सांगत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला येत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर दाब पडतोय, तिथून अल्नार नर्व्ह जाते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट सुन्न पडत असेल तर ती मीडियन नर्व्ह, आणि बऱ्याचदा कारण मनगट मागे मुडपलेलं असणं, म्हणजे क्लच-ब्रेकचे लिव्हर फार वर फिरवलेले असणं हे असतं. लिव्हर खाली फिरवायला एक पाना लागतो आणि खर्च शून्य. म्हणून माझं म्हणणं आहे की नवीन हँडलचा विचार करायच्या आधी आहे तेच क्लॅम्पमध्ये थोडं पुढेमागे फिरवून बघा, लिव्हरचा कोन बदलून बघा, अर्ध्या लोकांचं काम तिथेच होईल. आणि गाडी सोडल्यावर पण बोटं तासनतास बधीर राहत असतील तर हँडल सोडा, डॉक्टर गाठा.

आता एकेक घेतो.

क्लिप-ऑन. दिसण्यात याला तोड नाही, मी मान्य करतो. दोन वेगळे तुकडे असतात आणि ते वरच्या क्लॅम्पवर न बसता थेट फोर्कच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या, नळ्यांना आवळले जातात, त्यामुळे घेताना फोर्कचा व्यास मोजून घ्यावा लागतो, ४१ एमएमचे क्लिप-ऑन ३७ च्या फोर्कवर बसणार नाहीत आणि मध्ये पत्रा घालून बसवायचा विचार पण करू नका. गंमत अशी की चांगल्या स्पीडला ही पोझिशन तेवढी वाईट वाटत नाही कारण छातीवर येणारी हवा तुम्हाला उचलून धरते आणि मनगटावरचा भार कमी होतो. सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये मात्र तो सगळा भार परत मनगटावर, शिवाय मान सतत वर करून बघायचं. त्यात फूटरेस्ट जुन्याच जागी ठेवले तर वरचं शरीर पुढे आणि पाय खाली, बसणं काही जमून येत नाही, रिअरसेट, म्हणजे मागे सरकवलेले फूटरेस्ट, पण टाकावे लागतात म्हणजे खर्च वाढला. आणि हँडल पूर्ण वळवल्यावर टाकी आणि ग्रिपच्या मध्ये अंगठा सापडतो का ते बसवायच्या दिवशीच बघा, पार्किंगमध्ये कळलं तर फार लागतं.

तोच लूक कमी खटपटीत हवा असेल तर क्लबमन हँडल असतं, खाली वाकलेलं, नेहमीच्या क्लॅम्पमध्येच बसतं. याला एस बार पण म्हणतात, लंडनमध्ये १९३८ साली सुरू झालेल्या एस कॅफेवरून, कॅफे रेसरवाल्यांचा, म्हणजे बाईक रेसिंगसारखी करून पळवणाऱ्यांचा, तो अड्डा. यातली अडचण म्हणजे सरळ भाग तोकडा, त्यावर ग्रिप, स्विच आणि ब्रेकचं मास्टर सिलेंडर (ब्रेक ऑइलच्या डबीचा भाग) दाटीवाटीने बसवावं लागतं, आणि काही बाईकवर वाकवलेला भाग मीटरला नाहीतर टाकीला लागतो. उलटं करून लावणारे पण पाहिलेत, ते भयंकर दिसतं पण चालतं म्हणे.

ड्रॅग बार हा माझ्या मते सगळ्यात फसवा प्रकार. शोरूममध्ये हात लावल्यावर एकदम टाईट, कंट्रोल भारी वाटतो आणि खरंच स्टीअरिंग मस्त लागतं, पण जवळजवळ सरळ दांडा असल्यामुळे वर सांगितलेला मुठीचा कोन इथे मिळतच नाही, कोपरं बाहेर काढून चालवलं तर ठीक, तीन-चार तास तसं कोण चालवतं. रोडस्टरवर, म्हणजे साध्या उघड्या बाईकवर, तरी एकवेळ चालेल. क्रूझरवर, जिथे पाय आधीच पुढे गेलेले असतात, तिथे ड्रॅग बार लावला की हात पण पुढे आणि पाय पण पुढे, माणूस उघड्या चाकूसारखा मधून मुडपतो आणि सगळं वजन माकडहाडावर. लूकसाठी दहापैकी नऊ, बसण्यासाठी चार देईन, चार पण जड हाताने.

एप हँगर, म्हणजे हात खांद्यापर्यंत किंवा त्याही वर नेणारं उंच हँडल, त्याबद्दल लोक जितकं वाईट बोलतात तितकं ते नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. सरळ रस्ता, रमतगमत स्पीड, पाठ ताठ, मनगटावर काहीच भार नाही, सुरुवातीला वाटतं अरे हे तर सोफ्यापेक्षा बरं. मग स्पीड वाढतो, हवा छातीवर आदळते, आणि आता तुम्ही हँडल धरलेलं नसतं तर हँडलला लटकलेले असता, खांदे बोलायला लागतात. पाठ एकदम ताठ असण्याचा पण तोटा आहे, खड्ड्याचा धक्का कंबरेतून सरळ वर जातो, अंग थोडं पुढे झुकलेलं असलं तर तो बऱ्यापैकी विरतो. पुढच्या चाकावरचं वजन पण कमी होतं, वळणावर पुढचं टायर काय करतंय याचा अंदाज हाताला येत नाही. शिवाय क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, ब्रेकचा होज, वायरिंग सगळं लांब करावं लागतं. मिनी एप, म्हणजे हात खांद्याच्या खालीच राहतात ते, त्यातल्या त्यात समजूतदार. बऱ्याच ठिकाणी हँडलच्या उंचीवर आणि एकूणच मॉडिफिकेशनवर कायदा आहे, तो आधी बघून घ्या.

एमएक्स टाईप म्हणजे मातीतल्या बाईकचं रुंद हँडल, साधारण ८० सेंटीमीटर. उभं राहून चालवायला बनवलंय आणि त्यात ते बेस्ट आहे. रुंदी जास्त म्हणजे लिव्हरेज जास्त, कमी जोरात बाईक वळते, खराब रस्त्यावर पुढचं चाक भरकटलं तर सावरायला सोपं. पण बसून हायवे मारताना हात इतके पसरलेले की छाती म्हणजे शीड, आणि गर्दीत आधी हँडलची टोकं अडकतात. कापता येतं, बरेच जण कापतात, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आणि सारखं, फक्त कापायच्या आधी ग्रिप आणि स्विच आत सरकवून चालवून बघा कारण कापलेलं परत जोडता येत नाही, आणि कापून उरलेल्या सरळ भागात सगळे कंट्रोल मावतील का ते पण मोजा.

या प्रकारात जाडजूड टेपर हँडल खूप दिसतात. रेन्थल ही १९६९ पासूनची इंग्लिश कंपनी यातलं मोठं नाव. मधे २८.६ एमएम आणि ग्रिपपाशी २२.२, त्यामुळे जुन्या ग्रिप आणि लिव्हर चालतात, पण क्लॅम्प बदलावा लागतो हे विसरून लोक ऑर्डर करतात. साधी बहुतेक हँडलं क्लॅम्पपाशी पण २२.२ असतात, बऱ्याच क्रूझरवर २५.४ म्हणजे एक इंच. कॅलिपर लावून मोजा, अंदाजाने घेऊ नका.

आणि आता ट्रॅकर, माझं आवडतं. रुंदी खांद्यांपेक्षा थोडी जास्त, उंची नावापुरती, पुलबॅक भरपूर. अंग हलकंसं पुढे झुकतं, कोपर वाकलेलं राहतं, मनगट सरळ. दिसायला क्लिप-ऑनसारखं धारदार नाही पण रोडस्टरवर, स्क्रँबलरवर, जुन्या ढंगाच्या बाईकवर कुठेही शोभतं. सुपरबाईक बार याचाच भाऊ, थोडा अरुंद आणि अजून खाली. तक्रार एकच, पुलबॅक जास्त असलेलं मॉडेल घेतलं तर पूर्ण वळवल्यावर ग्रिप मांडीला किंवा टाकीला लागते, उंच माणसांनी हे नक्की बघावं. फक्त उंचीच वाढवायची असेल आणि बाकी सगळं जमतंय असं वाटत असेल तर हँडल न बदलता रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारे ठोकळे, टाका, वीस-तीस एमएम पुरे होतात. फोर्क तिरका असतो म्हणून त्याच कोनात लावलेला रायझर हँडल वर नेताना थोडं मागे पण आणतो, एका दगडात दोन पक्षी.

स्टील की अ‍ॅल्युमिनियम यावर लोक भांडतात. स्टील जड, स्वस्त, पडल्यावर वाकतं आणि वाकलेलं दिसतं. चांगलं अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण पडल्यावर वाकलं असेल तर सरळ करून वापरायचं नाही, आत चीर असू शकते, सरळ फेकायचं. वायब्रेशनसाठी मटेरियलपेक्षा टोकाची वजनं जास्त काम करतात, बार-एन्ड जड केले की हँडलची थरथर वेगळ्याच आरपीएमला सरकते, तुमच्या क्रूझिंग स्पीडपासून दूर गेली की झालं. म्हणून नवीन हँडलच्या टोकाला बार-एन्ड बसायची सोय आहे का बघा, काहींना आतून आटेच नसतात.

फिटिंगबद्दल दोन शब्द कारण इथे मेकॅनिक घाई करतात. स्विचच्या डब्यात एक छोटी पिन असते, तिच्यासाठी हँडलला भोक पाडावं लागतं, ती पिन घासून टाकणारे खूप आहेत, मग स्विच आणि अ‍ॅक्सिलरेटरचा डबा दांड्यावर फिरत बसतो. क्लॅम्पचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, बऱ्याच क्लॅम्पवर पुढची बाजू दाखवणारी खूण असते आणि पुढचे बोल्ट आधी आवळायचे असतात. मग इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, आरपीएम जरा जरी वाढला तर अ‍ॅक्सिलरेटर केबल ताणली जातेय, तशी बाईक रस्त्यावर काढू नका. ब्रेकचा होज पण दोन्ही टोकांना सैल राहिला पाहिजे, तो बदलला तर ब्लीडिंग, म्हणजे आतली हवा काढणं, आलंच. मास्टर सिलेंडरची डबी फार तिरकी होऊ देऊ नका. आरसे परत सेट करा, रुंदी बदलली की मागचं दृश्य पण बदलतं, कधी नुसती स्वतःची कोपरं दिसतात. आणि पहिला छोटा राउंड मारून आल्यावर सगळे बोल्ट परत एकदा टॉर्क पान्याने चेक करा, नुसतं हाताने हलवून बघून समाधान मानू नका.