बिडाचा तवा घ्यावा का? घावन-थालीपीठवाल्यांनी डोळे झाकून घ्या

दर दीड-दोन वर्षांनी नॉनस्टिक तवा बदलून ज्यांना कंटाळा आलाय त्यांच्यासाठी लिहितेय. कोटिंग निघायला लागलं की तो तवा वापरवत नाही आणि टाकवतही नाही, शिवाय तो रिकामा कडक तापवायचा नाही, त्याला स्टीलचं उलथनं लावायचं नाही, मग थालीपीठ खरपूस होणार कसं? म्हणून मी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा (कास्ट आयर्न) घेतला आणि आता घरात दुसरा कुठला तवा घावनासाठी बाहेरच निघत नाही.

माझा ११ इंची, सपाट, दोन कानांचा आहे, वजन सव्वादोन किलोच्या आसपास, पडला ११५० रुपयांना. कोल्हापुरात भांड्यांच्या दुकानातून घेतला. शिरोली, गोकुळ शिरगावकडे फाउंड्र्या भरपूर आहेत, इंजिनाचे आणि गाड्यांचे पार्ट तिकडे ओततात, त्यामुळे ओतकाम बघून घ्यायला तिकडे बरं पडतं. आधी एका ॲपवरून मागवला होता तर तो एक कान तुटूनच आला, पैसे परत मिळाले पण पाठपुरावा करून करून जीव गेला. बीड कडक असलं तरी ठिसूळ असतं, पार्सलमध्ये आपटलं की गेलं, म्हणून शक्यतो दुकानात जाऊन हातात घेऊनच घ्या.

दुकानात पहिलं काम म्हणजे तव्यावरून तळहात फिरवा. हल्लीचे बरेच तवे वाळूच्या साच्यातून काढून तसेच विकतात, वर बारीक खरखर राहते आणि घावन पहिल्यांदा तिथेच धरतं. वरून घासून गुळगुळीत केलेला मिळतो, शे-दोनशे जास्त जातात पण तोच घ्या. मग कान धरून अधांतरी उचला आणि नाण्याने टिचकी मारा, खणखणीत वाजला पाहिजे, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे.

घरी आणल्या आणल्या लगेच घावन घालायला जाऊ नका. मी आधी रात्रभर तांदळाच्या धुवणात ठेवला, सकाळी काथ्याने घासला, गॅसवर पूर्ण कोरडा केला आणि मग अगदी पुसट तेल लावून धूर थांबेपर्यंत तापवला, गार केला, परत तेल, परत तापवला, असं चार-पाच वेळा. तेल तापून तापून त्याचा कडक थर बसतो आणि तोच आपला नॉनस्टिक. तेल जास्त झालं तर मात्र चिकट राप बसतो, म्हणून लावल्यावर फडक्याने पुसूनच घ्यायचं. सुरुवातीचे काही दिवस त्यावर कांदा परता, थालीपिठं लावा, तेलकट काहीही करा.

आता घावन. पीठ ताकाइतकं पातळ, तवा चांगला तापलेला, नारळाच्या शेंडीने किंवा कांद्याच्या फोडीने तेल फिरवायचं आणि कडेकडून आत असं पीठ ओतायचं. दरवेळी पीठ तळापासून ढवळून घ्या, तांदळाचं पीठ खाली बसतं. तवा तयार असेल तर पीठ पडताच चर्र आवाज होतो आणि डोळ्यादेखत जाळी पडत जाते, मग झाकण ठेवा. झाकण काढाल तेव्हा कडा आपोआप सुटून वर आलेल्या असतात, उलथनं नुसतं खाली सरकवलं की अख्खं घावन हातात!! हलक्या तव्यावर थंड पीठ पडलं की तवा गार होतो आणि जाळी धड पडत नाही, बीड जाड असल्यामुळे उष्णता धरून ठेवतं, सगळा फरक तिथे आहे. आंबोळीही तशीच छान होते, काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर खाऊन बघा.

थालीपीठ तर विचारूच नका, मधल्या भोकात तेल सोडून बारीक गॅसवर झाकून ठेवलं की खालून सगळीकडे सारखं लालसर होतं, मध्ये करपलंय आणि कडेला कच्चं असं होत नाही.

पोळ्यांना मात्र मी हा वापरत नाही. एकदा तापला की गॅस बारीक केला तरी पटकन उतरत नाही, पोळी लगेच कडक होते, पोळ्यांना आपला रोजचा पत्र्याचा लोखंडीच बरा. टोमॅटो, चिंच, कोकम असलं आंबट त्यावर शिजवू नका, थर निघतो आणि चवही लोखंडी लागते. आंबट शिजवलं की अन्नात लोह जास्त उतरतं हे खरंय, पण रक्त कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडून तव्याच्या भरवशावर राहू नका प्लीज.

धुणं सोपं आहे, कोमट पाणी आणि काथ्या, कधी थेंबभर साबण चालतो. भिजत ठेवायचा नाही आणि गरम तव्यावर गार पाणी तर अजिबात नाही, तडकतो. आमच्याकडे भांड्यांना ताई येतात, त्यांना सांगून ठेवलंय की हा सिंकमध्ये दिसला तरी हात लावू नका, मी बघते. धुतला की गॅसवर कोरडा करायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर सकाळपर्यंत गंज.

इंडक्शनवर चालतो, फक्त तळ सपाट बघून घ्या, एकदम फुल पॉवर देऊ नका आणि काचेवरून ओढू नका, चरे पडतात. मनगट दुखत असेल किंवा घरात वयस्कर माणूस स्वयंपाक करत असेल तर ११ इंची नको, ९ इंची घ्या, आणि लांब दांड्याच्या ऐवजी दोन कानांचाच, दोन्ही हातांनी उचलता येतो.