घर महापालिकेत घ्यावं की ग्रामपंचायतीत?

मुलुंडला छोटं घर घ्यावं, की दीड-दोन तासांवरच्या गावात ऐसपैस? माझ्या ओळखीतले बरेच जण सध्या याच विचारात आहेत. मी दोन्हीकडे राहिलोय. किमती आणि लोकलची गर्दी तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून फक्त कारभाराबद्दल लिहितो.

ग्रामपंचायतीचं एक सुख मुंबईत मिळणार नाही. सरपंच रस्त्यात भेटतो, ग्रामसभेत उभं राहून खर्चाचा हिशेब मागता येतो. इथे 227 नगरसेवक, आणि अंमलबजावणी राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांच्या हातात. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर तर नगरसेवकही नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. ते मला आजही खटकतं.

तरीही मी मुंबईत आलो, ते एका मोरीमुळे, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेमुळे. आमच्या फाट्यावरच्या मोरीचा पाइप फुटला होता. पावसात पाणी वरून वाहायचं, शाळेची मुलं गुडघाभर चिखलातून जायची. ग्रामसेवकाने रस्त्यांची नोंदवही उघडून दाखवली, त्यात तो रस्ता नव्हता. ‘जिल्हा परिषदेचा आहे, पंचायत समितीत जा.’ तिथले अभियंता म्हणाले, रस्ता सार्वजनिक बांधकामकडे वर्ग झालाय. बांधकामवाल्यांनी सांगितलं, रस्ता आमचा, पण गटाराचं पाणी ग्रामपंचायतीचं. कोणी उर्मटपणे बोललं नाही, उलट चहा पाजला. मोरी मात्र पुढच्या पावसाळ्यातही तशीच होती.

मुंबईत शहर आणि उपनगर अशा दोन्ही जिल्ह्यांना जिल्हा परिषदच नाही. गल्लीतला रस्ता, त्याखालचं गटार, कचरा, पाणी, सगळं एकाच महापालिकेचं. मुलुंडकरांसाठी टी विभाग कार्यालय. काम लगेच होतं असं म्हणणार नाही, रेल्वे किंवा म्हाडाची हद्द आली की इथेही बोट दुसरीकडे जातं. पण अर्ज कुठे द्यायचा हे कळतं, आणि पुन्हा त्याच टेबलावर जाऊन विचारता येतं. सगळ्यांचा अनुभव असाच असेल असं नाही. गावचा सरपंच खमक्या असेल तर चित्र वेगळं दिसेल. माझ्यासाठी तरी एवढं पुरेसं होतं.

गावातच घ्यायचं ठरवलंत, तर नमुना 8 चा उतारा (ग्रामपंचायतीकडची घरपट्टीची नोंद) पाहताना ग्रामसेवकाला (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) आणखी एक विचारा: दारासमोरचा रस्ता आणि त्याखालची मोरी कुणाच्या नोंदवहीत आहे? टोकन देण्याआधी ती नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघा.