.२२ घ्यावं की .३२? एअर पिस्तुलातून पंचवीस मीटरवर येणाऱ्यांसाठी

एअर पिस्तुलावर हात बसला, राज्य स्पर्धेत बरे गुण येऊ लागले, की पंचवीस मीटरची ओढ लागते. मग प्रश्न येतो: .२२ घ्यायचं की .३२? (हे आकडे म्हणजे गोळीचा इंचातला साधारण व्यास.) परवाना, परदेशातून येणारं पिस्तूल, काडतुसं हा सगळा खर्च एकदा केला की पुढची बरीच वर्षं त्याच हत्यारावर काढावी लागतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मुलींसाठी उत्तर सोपं आहे. महिलांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा .२२ लाँग रायफल काडतुसावरच होते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. ऑलिंपिक डोळ्यांपुढे असलेल्या मुलांसाठीही तेच, कारण रॅपिड फायरही .२२ वरच खेळतात. २०१२ मध्ये लंडनला विजय कुमारला रौप्य मिळालं तो हा प्रकार. .३२ लागतं ते सेंटर फायर नावाच्या पंचवीस मीटरच्या प्रकारासाठी. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, पण जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आणि आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत आहे. जसपाल राणाने १९९४ मध्ये हिरोशिमाला यात सुवर्ण जिंकलं आणि २००६ मध्ये दोह्याला ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली. तेव्हा हा दुय्यम प्रकार समजू नका.

सेंटर फायरचा नियम ७.६२ ते ९.६५ मिमी व्यासाची गोळी चालू देतो, म्हणजे .३८ सुद्धा बसतं. तरी रेंजवर बहुतेक सगळ्यांच्या हातात .३२ दिसतं. कागदी टार्गेटवर गुण तपासायचा गेज सगळ्यांना ९.६५ मिमीचाच असल्यामुळे मोठ्या छिद्राचा फायदा कोणाला मिळत नाही. मग जास्तीचा धक्का सोसून मिळवायचं काय?

आता धक्क्याचा हिशोब. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, एवढा रेटा पिस्तुलाला उलट दिशेने मिळतो. वर थोडी भर जळालेल्या दारूच्या वायूची. एअर पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला दीडशे मीटर, गुणाकार ७५. .२२ ची गोळी २.६ ग्रॅमची, स्पर्धेच्या काडतुसात वेग सुमारे ३२५ मीटर, गुणाकार ८४५. .३२ एस अँड डब्ल्यू लाँगची सपाट तोंडाची वॉडकटर गोळी साडेसहा ग्रॅमची, पण वेग फक्त २२५ मीटरच्या आसपास; गुणाकार साधारण १,४६०. आठ ग्रॅमची ९ मिमी गोळी ३५० मीटर वेगाने गेली तर २,८००.

या आकड्यांकडे नीट बघा. एअर पिस्तुलातून .२२ वर येताना रेटा अकरा पटींनी वाढतो. .२२ वरून .३२ वर जाताना तो पावणेदोन पटही होत नाही. म्हणजे मोठी उडी पहिलीच आहे. .३२ ला घाबरणारी मुलं .२२ कडे मात्र खेळणं म्हणून बघतात, आणि नेमकं तिथेच त्यांचं फॉलो थ्रू, म्हणजे गोळी सुटल्यावरही हात आणि नजर जागेवर ठेवणं, सुटतं.

पण रेटा म्हणजे हाताला जाणवणारा धक्का नव्हे. मधे पिस्तूल असतं, आणि माझ्या मते निर्णयाची खरी जागा तीच आहे. सगळ्यात आधी वजन. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाची रिव्हॉल्व्हर आणली, .३२ ची, ५०० ग्रॅमची, पर्समध्ये मावेल अशी. स्पर्धेचं .३२ पिस्तूल किलोच्या वर भरतं. नियमाने १,४०० ग्रॅमपर्यंत चालतं. तेच काडतूस दोन्हींत घातलं तर हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये हाताला मिळणारी धक्क्याची ऊर्जा दुपटीहून जास्त होते. घरी वडिलांची परवान्याची रिव्हॉल्व्हर एकदा चालवून ‘.३२ मला झेपत नाही’ असं ठरवणारे पुष्कळ भेटतात. त्यांना झेपलेली नसते ती हलकी रिव्हॉल्व्हर. काडतुसाचा त्यात फारसा दोष नाही.

वजनाच्या बरोबरीने बघायची ती नळीची उंची. नळी मुठीच्या जितकी वर, तितका धक्का मनगटाभोवती पिस्तूल उचलतो. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी फिरत्या सिलिंडरच्या वरच्या घरातून सुटते, त्यामुळे नळी वर राहते आणि तोंड उसळतं. स्पर्धेच्या पिस्तुलात नळी अगदी खाली, हाताच्या बेचक्याजवळ आणलेली असते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाजांनी उलटी मांडणी केलेलं पिस्तूल आणलं होतं, नळी हाताच्या खालच्या पातळीवर असलेलं. तोंड वर उसळायचा प्रश्नच जवळजवळ मिटला. पुढे नियम आला की नळीची मध्यरेषा अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्याच्या वरूनच गेली पाहिजे. नळीच्या उंचीने किती फरक पडतो, हे कळायला हा नियम पुरेसा आहे.

म्हणूनच पार्दिनी, वॉल्थर जीएसपी, मोरिनी अशा स्पर्धेच्या पिस्तुलांत काडतुसांचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं. मूठ मॅगझिनपासून मोकळी झाली की तिचा कोन आणि आकार हाताप्रमाणे घडवता येतो, नळी खाली आणता येते, आणि वजन पुढे गेल्यामुळे तोंड कमी उसळतं. काही मॉडेलांत नळीखाली धक्का शोषणारी सरकती वजनं बसवलेली असतात. पैसे कमी असतील तर इतर सोयी सोडा. लाकडी मूठ मात्र हातावर बसवून घ्या. तळहात आणि मूठ यांत पोकळी राहिली की प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल हातात किंचित फिरतं आणि पुढची पकड वेगळी होते.

यंत्रणेचाही भाग आहे. यांतली बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅक आहेत, म्हणजे काडतुसाला मागून टेकणारा बोल्ट कशात अडकवलेला नसतो. तो आपल्या वजनाने आणि स्प्रिंगने दाब सांभाळतो. .३२ साठी बोल्ट जड करावा लागतो. तो मागे जाऊन आदळतो तो दुसरा धक्का, आणि परत पुढे येऊन बसतो तो तिसरा. हाताला ‘किक’ म्हणून जे आठवतं त्यात या आदळण्याचा वाटा मोठा असतो. स्प्रिंग थकली की पिस्तूल एकाएकी जोरात मारू लागल्यासारखं वाटतं. वापरलेलं पिस्तूल घेणार असाल तर स्प्रिंग आधी बदला, मग मत बनवा.

९ मिमीचा विषय आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी बंदच आहे, तो प्रतिबंधित बोअर आहे. तरी अमेरिकेचा एक अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९८६ मध्ये मायामीत झालेल्या चकमकीनंतर एफबीआय जास्त ताकदीच्या १० मिमीकडे आणि मग .४० कडे वळली. गेल्या दशकात ती पुन्हा ९ मिमीवर आली. कमी धक्क्यात माणसं जास्त लवकर आणि जास्त अचूक मारतात, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

परत आपल्या प्रश्नाकडे. सेंटर फायरच्या रॅपिड टप्प्यात टार्गेट तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद वळलेलं राहतं. दर वेळी गोळी एकच. म्हणजे धक्क्यातून सावरायला वेळ भरपूर असतो. .३२ चं नुकसान होतं ते गोळी सुटण्याआधी: धक्का येणार हे मनाला ठाऊक असतं आणि बोट ट्रिगरवर असतानाच मनगट खाली दाबतं. शिवाय वॉडकटर संथ असल्यामुळे ती नळीत थोडी जास्त वेळ राहते, तेवढा हात स्थिर हवा. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये मात्र सगळ्यात वेगवान फेरीत चार सेकंदांत पाच टार्गेट असतात. तिथे नळी किती उसळते यावरच लय अवलंबून असते, आणि तिथे .२२ च हवं.

तेव्हा पहिलं पिस्तूल .२२, यात मला शंका नाही. स्टँडर्ड पिस्तूल, रॅपिड फायर, महिलांची स्पर्धा, सगळं त्यात भागतं, काडतूस स्वस्त पडतं आणि सराव जास्त होतो. फक्त घेताना असं मॉडेल बघा की ज्याच्या फ्रेमवर पुढे .३२ चा संच (नळी आणि तिच्यासोबतची यंत्रणा) चढवता येईल. पार्दिनी आणि जीएसपीमध्ये ती सोय आहे. ट्रिगर आणि मूठ ओळखीची राहते आणि बदलतो तो फक्त धक्का. थेट .३२ घ्यावं ते ज्याला .२२ सरावाला सहज उपलब्ध आहे आणि सेंटर फायरच खेळायचं आहे, त्यानेच.

.३२ ची वेळ झाली का, हे तपासायची एक पद्धत आहे. रेंज अधिकाऱ्याची परवानगी घेऊन मित्राला मॅगझिन भरायला सांगा, पाचांत एक-दोन डमी (न उडणारी) काडतुसं, क्रम तुम्हाला न सांगता. डमीवर ट्रिगर सुटला की पुढच्या साइटकडे, म्हणजे नळीच्या टोकाकडे नेम धरायच्या खुणेकडे, बघा. ती जागेवर राहिली तर संच मागवा. ती खाली बुडाली तर अजून काही महिने .२२ वरच काढा, आणि त्यातला निम्मा सराव रिकाम्या पिस्तुलाने करा.