3.21 की 3.92? पिकअप ट्रकच्या अ‍ॅक्सल गुणोत्तराची निवड

अमेरिकेत 2019 साली आलेल्या पिढीतील राम 1500 हा पिकअप 5.7 लिटरच्या हेमी व्ही-8 इंजिनासह घ्यायचे ठरवले, की मागच्या अ‍ॅक्सलसाठी मुख्यतः 3.21 आणि 3.92 या दोन गुणोत्तरांपैकी एकाची निवड करावी लागते. गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे, तितके फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा पूर्ण होतो, एवढाच या आकड्याचा अर्थ आहे. आकडा मोठा असेल तर चाकाला टॉर्क (फिरवणारा जोर) अधिक मिळतो, परंतु त्याच वेगासाठी इंजिनाला अधिक फिरावे लागते. 3.92 मुळे चाकाशी मिळणारा टॉर्क त्याच गिअरमध्ये 3.21 च्या तुलनेत सुमारे 22 टक्क्यांनी वाढतो.

‘ट्रेलर ओढायचा असेल तर किमान 3.73 हवेच’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो चार गिअरांच्या काळातला आहे आणि त्या काळात तो योग्यच होता. शेवरोलेच्या जुन्या ट्रकांतील 4एल60-ई या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला गिअर 3.06 होता, त्याला 3.73 चा अ‍ॅक्सल जोडला, तर दोन्हींचा गुणाकार, म्हणजे एकूण गुणोत्तर, 11.4 होते. रामच्या आठ गिअरांच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर 4.71 आहे, त्यामुळे 3.21 च्या अ‍ॅक्सलवरही ते 15.1 पर्यंत जाते आणि 3.92 वर 18.5. म्हणजे आज ज्याला ‘कमजोर’ म्हटले जाते तो 3.21 चा ट्रकसुद्धा जागेवरून उचलताना त्या जुन्या जोडणीपेक्षा चाकाला बराच जास्त गुणाकार देतो.

मधल्या गिअरांत फरक आणखी कमी होतो. 3.21 चा ट्रक पाचव्या गिअरमध्ये (1.29) असताना एकूण गुणोत्तर 4.14 असते, तर 3.92 चा ट्रक सहाव्यात (1.00) असताना 3.92. चढावर पहिला ट्रक एक गिअर खाली येतो आणि जवळपास तेच काम करतो. खरा फरक दोन टोकांना उरतो. पहिल्या गिअरच्या खाली दुसरा गिअर नसल्याने भरलेला ट्रेलर घेऊन चढावर गाडी हलवताना, किंवा बोट पाण्यातून ओढून ओल्या उतारावरून वर आणताना 3.92 चा फायदा स्पष्ट जाणवतो. ट्रेलर मागे ढकलत चढावरच्या अंगणात लावायचा असेल तेव्हाही तसेच. दुसरे टोक म्हणजे महामार्ग. 32 इंच व्यासाच्या टायरवर ताशी 70 मैल वेगाने आठव्या गिअरमध्ये (0.67) 3.21 चे इंजिन मिनिटाला सुमारे 1,580 फेरे घेते आणि 3.92 चे सुमारे 1,930. रोज रिकाम्या ट्रकने लांबचा प्रवास करणाऱ्याला हा फरक इंधनात आणि आवाजात भरावा लागतो. मात्र समोरून जोराचा वारा असला किंवा कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगद्यासारखा, 11,000 फुटांहून उंचावर नेणारा चढ असला, की आठवा गिअर दोन्ही ट्रकांना टिकवता येत नाही. टर्बो नसलेले इंजिन दर 1,000 फुटांमागे साधारण 3 टक्के शक्ती गमावते, आणि ती उणीव अ‍ॅक्सलचे कोणतेही गुणोत्तर भरून काढू शकत नाही.

मोठे टायर बसवण्याचा विचार असेल, तर हिशेब बदलतो. 32 ऐवजी 35 इंचांचे टायर लावल्यास 3.92 चा परिणाम 3.58 इतका आणि 3.21 चा केवळ 2.93 इतका उरतो. अशा ग्राहकाने 3.21 घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

ओढण्याची अधिकृत मर्यादाही 3.92 बरोबर बरीच वाढते; 2019 च्या मॉडेलची सर्वाधिक जाहीर मर्यादा, 12,750 पाउंड, याच गुणोत्तराची होती. मागाहून क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधील गुणोत्तर ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) बदलून ही अधिकृत मर्यादा वाढत नाही. शिवाय चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रकमध्ये पुढचा आणि मागचा असे दोन्ही अ‍ॅक्सल बदलावे लागतात, कारण दोन्हींचे गुणोत्तर जुळले नाही तर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह लावताच यंत्रणेवर घातक ताण येतो. पिनियन बसवताना दातांमधील फट आणि बेअरिंगवरचा दाब अचूक ठेवणारा कारागीर मिळवणे हे वेगळेच काम आहे. म्हणूनच वर्षातून अनेकदा 5,000 पाउंडांहून जड ट्रेलर ओढणाऱ्याने, आणि पुढे ओढावा लागेल की नाही याबद्दल मन डळमळीत असणाऱ्यानेही, सुरुवातीलाच 3.92 घ्यावे. हलकी बोट क्वचित नेणाऱ्याला आणि बहुतेक वेळ रिकामा ट्रक चालवणाऱ्याला 3.21 पुरेसे आहे, मधले 3.55 ज्या जोडणीत मिळते, तिथे तेही वाईट नाही.

गुणोत्तर ठरवण्याआधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर प्रवासी आणि सामान मिळून किती पाउंड वाहता येतात, ते वाचावे. 7,000 पाउंडांच्या कॅम्परचा 10 ते 15 टक्के भार, म्हणजे 700 ते 1,050 पाउंड, हिचवरून (ट्रेलर जोडण्याच्या कडीवरून) ट्रकवर येतो. त्यात चार माणसे आणि सामान मिळवले, की अ‍ॅक्सल कोणताही असला तरी ही मर्यादा अनेकदा आधी संपते. वापरलेला ट्रक असेल, तर विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये. वाहनाच्या ओळख क्रमांकावरून (व्हीआयएन) मिळणाऱ्या मूळ बांधणीच्या तपशिलात गुणोत्तर नोंदलेले असते. आधीच्या मालकाने गिअर बदलले असण्याची शंका आली, तर मेकॅनिककडून मागची दोन्ही चाके उचलून आणि एकत्र फिरवून पाहावे: चाकांच्या एका फेऱ्यात शाफ्टचे सव्वातीनच्या आसपास फेरे झाले तर 3.21, जवळपास चार झाले तर 3.92.