मुराबहा की मुशारका: मालकी कोणाची?

इस्लामी बँकिंगमध्ये व्याज नाही, एवढ्यावरच बरेच जण थांबतात. मला मालकीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

मुराबहात बँक यंत्र किंवा माल स्वतः विकत घेते आणि नफा लावून तुम्हाला हप्त्यांवर विकते. बँकेची मालकी कित्येकदा अगदी थोडा वेळच टिकते. पुढे धंदा तरो की बुडो, ठरलेली रक्कम द्यावीच लागते. वर तारणही मागतात, म्हणजे ज्याच्याकडे आधीच जमीनजुमला आहे त्याचंच काम सोपं.

मुशारकात बँक भागीदार होते. नफा ठरल्याप्रमाणे, तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात. पाकिस्तानातल्या मीझान बँकेची घराची योजना घटत्या मुशारकावर चालते: घर दोघांचं, ग्राहक बँकेच्या हिश्श्याचं भाडं भरतो आणि तो हिस्सा थोडाथोडा विकत घेत जातो. भाडं मात्र अनेकदा बाजारातल्या व्याजदरावरून ठरतं, हे मला खटकतं.

१९६३ मध्ये इजिप्तमधल्या मित घम्र इथे अहमद अल-नज्जार यांनी व्याजाविना चालणारी बचत बँक काढली ती सामान्य, अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी. त्या कसोटीवर मी मुशारकाच निवडेन. बँका मात्र मुराबहाकडेच झुकतात, कारण भागीदाराचे हिशेब तपासत बसावं लागत नाही.